गोळी, रक्तदाब आणि मौन

(लायडस्खेनडाम-फोरबर्ग येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलावे, अशी मला विनंती झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली. मधुमेह, गुडघेदुखी, आहार यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी अशा विषयावर बोलणार आहे, ज्याचा आपल्या घरांत उच्चार होत नाही आणि उच्चार होत नाही म्हणूनच जो घातक ठरू शकतो. पुरुषाच्या शिश्नाच्या ताठरतेत उणीव येऊ लागली की जी गोळी घेतली जाते, तिचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, हा तो विषय. मुलांना शेजारच्या दालनात नेले आहे, तेव्हा आपण मोकळेपणाने बोलू.

सिनेगॉगच्या मंडळींपुढे हा विषय कसा, असे कोणाच्या मनात आले असेल. त्यांना मी दोन गोष्टींचे स्मरण देतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात पत्नीचे तीन हक्क सांगितले आहेत: अन्न, वस्त्र आणि सहवास. तिसऱ्या हक्काचा उल्लेख करताना आपल्या शास्त्राला संकोच वाटला नाही. दुसरी गोष्ट, आपले थोर आचार्य मैमोनिदीस हे वैद्यही होते. सुलतान सलाहुद्दीनच्या पुतण्याच्या विनंतीवरून त्यांनी स्त्रीपुरुषसमागमाच्या आरोग्यावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. बाराव्या शतकात त्यांना जे सांगता आले, ते एकविसाव्या शतकात आपण कुजबुजत का बोलावे?

मी आयुष्यभर औषधांच्या क्षेत्रात काम केले, प्रथम मुंबईत आणि पुढे या देशात. त्या अनुभवाने एक गोष्ट मला शिकवली, आणि आज मला मुख्यतः तेवढीच सांगायची आहे. ही गोळी बहुसंख्य पुरुषांना, रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या पुरुषांनाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास सुरक्षित असते. घात होतो तो बहुधा ती लपविल्याने.

प्रथम या औषधाचा थोडा इतिहास ऐका, कारण त्यातच त्याचा स्वभाव दिसतो. सिल्डेनाफिल हे औषध इंग्लंडमधील सँडविच या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, ते हृदयाच्या विकारासाठी. हृदयाच्या रोहिण्या रुंदावतील आणि छातीतील कळ थांबेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. १९९० नंतरच्या चाचण्यांत हृदयाला अपेक्षेइतका लाभ दिसला नाही, पण स्वयंसेवक पुरुषांनी एक वेगळाच परिणाम नोंदविला. १९९८ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत व्हायग्रा या नावाने ते मान्य झाले आणि त्याच वर्षी युरोपातही आले. त्याच १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आपल्या शरीरात निरोप्याचे काम करतो आणि रक्तवाहिन्यांना सैल होण्यास सांगतो, हा त्यांचा शोध होता. सांगायचे एवढेच की, ही गोळी मुळात रक्तवाहिन्यांची आहे. ती शरीराच्या एकाच भागापुरती काम करते, हा समज बरोबर नाही.

ती काम कसे करते? पुरुषाच्या मनात इच्छा जागृत झाली की मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यामुळे पेशींत एक दुसरा पदार्थ तयार होतो. त्याला आपण ‘सैल हो’ असा संदेश म्हणू. त्या संदेशाने वाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैलावतात, रक्त आत येते आणि ताठरता येते. काम झाल्यावर हा संदेश पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. गोळी त्या विकराला अडविते, त्यामुळे संदेश अधिक काळ टिकतो. मुळात इच्छाच नसेल तर संदेशही निघत नाही आणि गोळीचा उपयोग होत नाही. इच्छा उत्पन्न करण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

परंतु हे विकर शरीरातील इतर रक्तवाहिन्यांतही असते, म्हणून त्याही थोड्या सैलावतात. आपल्या या दोन्ही गावांतून वाहणारा फ्लीटचा कालवा रोज आपल्या डोळ्यांसमोर आहे. पाणी तेवढेच ठेवून कालव्याचे पात्र रुंद केले, तर पाण्याची पातळी उतरेल. रक्तदाबाचेही तसेच होते. निरोगी पुरुषाने सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची गोळी घेतली असता वरचा रक्तदाब सरासरीने सुमारे ८ अंकांनी आणि खालचा सुमारे ५ ते ६ अंकांनी उतरतो. म्हणजे १३० चा १२२ होतो. बहुतेकांना हे कळतही नाही. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, नाक चोंदणे ही त्याच सैलावण्याची लक्षणे आहेत.

रक्तदाबाच्या औषधाबरोबर ती घेतली तर काय होते? ॲम्लोडिपिन हे औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्याच्या जोडीला सिल्डेनाफिल घेतले असता वरचा दाब सरासरी आणखी ८ अंकांनी आणि खालचा ७ अंकांनी उतरल्याचे आढळले आहे. तेव्हा ‘मला बीपी आहे, म्हणून ही गोळी माझ्यासाठी विष आहे’ असे समजण्याचे कारण नाही. ज्यांचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे, त्यांना डॉक्टर ती विचारपूर्वक देऊ शकतात. मात्र ज्यांचा दाब ९०/५० पेक्षा कमी असतो, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांना विश्रांतीतही छातीत कळ येते, त्यांनी ती घेऊ नये. आणि ज्यांचा दाब मुळीच आटोक्यात नाही, त्यांनी आधी तो आटोक्यात आणावा.

आता दोन मिश्रणांविषयी सांगतो. ही सर्वांनी मनात कोरून ठेवावीत.

पहिले आणि सर्वांत भयंकर मिश्रण म्हणजे नायट्रेट. आपल्या समाजात हे औषध सॉर्बिट्रेट या नावाने घरोघर परिचित आहे, ती जिभेखाली ठेवायची लहान गोळी. मोनोट्रेट, नायट्रोकॉन्टिन ही त्याच कुळातील नावे. या देशात ते बहुधा जिभेखाली मारायच्या फवाऱ्याच्या रूपाने मिळते. त्वचेवर चिकटवायची पट्टीही असते. भारतात मिळणारे निकोरँडिल हेही याबाबतीत त्याच पंक्तीत बसते. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढविते, म्हणजे ‘सैल हो’ हा संदेश अधिक निर्माण करते. आणि आपली गोळी तो संदेश पुसू देत नाही. मोरीत नळ पूर्ण सोडावा आणि मोरीचे तोंड बोळ्याने बुजवावे, तसे हे आहे. रक्तदाब अशा वेळी आठ-दहा अंकांवर थांबत नाही. तो एकाएकी कोसळतो, आणि हृदयाला व मेंदूला रक्त पुरेनासे होते. सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यापासून निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून निदान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. टाडालाफिल शरीरातून फार सावकाश जाते. शुक्रवारी रात्री घेतलेली त्याची गोळी रविवारी सकाळीही रक्तात असते, हे ध्यानात ठेवा. आणि ज्याला नित्य नायट्रेट चालू आहे, त्याने यांपैकी कोणतीही गोळी कधीच घेऊ नये. त्याच्यासाठी इतर उपाय आहेत आणि ते डॉक्टर सांगतील.

दुसरे मिश्रण प्रोस्टेटच्या औषधांचे. वय वाढले की लघवीला अडखळते आणि टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन यांसारखी औषधे सुरू होतात. डॉक्सॅझोसिन हे औषध तर रक्तदाबासाठीही देतात. यांच्या जोडीला आपली गोळी घेतली, तर उभे राहताना दाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. डॉक्टर अशा वेळी आधी प्रोस्टेटचे औषध स्थिर करतात आणि मग ही गोळी लहान मात्रेने, सिल्डेनाफिल असेल तर २५ मिलिग्रॅमने, सुरू करतात. ६५ वर्षांच्या पुढे औषध रक्तात अधिक प्रमाणात साठते, हेही लक्षात घ्या. आणि इथल्या घरांचे जिने आपण जाणताच! रात्री लघवीला उठलेला मनुष्य त्या उभ्या, अरुंद जिन्यावर घेरी येऊन पडला, तर मोडणारे हाड काही औषधाच्या नावाने विचारपूस करीत नाही. म्हणून अंथरुणातून उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसावे आणि मग उभे राहावे. मद्यानेही दाब उतरतो. किद्दुशच्या एका पेल्याने बिघडत नाही, पण पेल्यांची मोजदाद राहिली पाहिजे. कीपूरच्या सुमारे २५ तासांच्या निर्जल उपवासात शरीर आधीच कोरडे पडते आणि उभे राहताना दाब घसरतो. जे रोज टाडालाफिल घेतात, त्यांनी उपवासापूर्वीच्या दिवसांत त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

आता मी मौनाकडे वळतो. एका घरची हकीकत सांगतो. ते घर ओळखू येऊ नये, एवढे बदल तीत केले आहेत. साठी ओलांडलेले एक गृहस्थ. हृदयाची तक्रार होती आणि फवारा घरात असे. एका नातलगाने त्यांना मुंबईहून गोळ्यांची पट्टी आणून दिली होती आणि त्यांनी ती कोणालाही न सांगता वापरली. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. पत्नी धावत फवारा घेऊन आली. त्यांनी तिचा हात बाजूला सारला. तिने पुन्हा पुढे केला, त्यांनी पुन्हा सारला. कारण मात्र सांगेनात, कारण खोलीच्या दारात सून उभी होती. रुग्णवाहिका आली. परिचारकाने फवारा मारण्यापूर्वी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘ताठरतेसाठी काही औषध घेतले आहे का?’ गृहस्थांनी हळूच डच भाषेत ‘हो’ म्हटले. पत्नीला डच समजत नव्हते. त्यांच्यावर वेगळे उपचार झाले आणि देवदयेने ते वाचले. परंतु पुढे कितीतरी महिने ती माउली मनात एकच प्रश्न घेऊन वावरत होती, की आपल्या हातून औषध घेण्याचे त्यांनी का नाकारले?

या हकीकतीत त्या गृहस्थांनी एक गोष्ट अगदी योग्य केली: त्यांनी फवारा नाकारला. त्यांना धोका ठाऊक होता. पण ते बेशुद्ध असते तर? तर प्रेमाने पुढे केलेला तोच हात घातक ठरला असता, आणि तिला ते कळलेही नसते. म्हणून मी म्हणतो, जो पुरुष ही गोळी घेतो त्याच्या पत्नीला ती ठाऊक असलीच पाहिजे. हा लाजेचा प्रश्न नाही, हा प्राणरक्षणाचा प्रश्न आहे.

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना यात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे सुटकेस. नेदरलंड्समध्ये ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. चिठ्ठी आली की औषधालयातील संगणक आपल्या इतर औषधांशी तिचा मेळ पाहतो, आणि आपल्या नावावर नायट्रेट असेल तर औषधविक्रेता तिथेच थांबवितो. ही एक चांगली चाळणी आहे. पण ठाण्याहून किंवा मुंबईहून सुटकेसमधून आलेली पट्टी या चाळणीतून जातच नाही. इथल्या संगणकाला ती दिसत नाही आणि तिथल्या डॉक्टरला इथला फवारा दिसत नाही. दोन देशांची औषधे एकाच शरीरात भेटतात आणि त्यांची ओळख करून देणारा कोणीच नसतो. भारतातही हे औषध चिठ्ठीवरच देण्याचा नियम आहे, पण तो किती पाळला जातो हे आपण जाणतो.

नावांचा घोटाळा त्यात भर घालतो. व्हायग्रा, पेनेग्रा, कॅव्हर्टा, मॅनफोर्स या निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच असते, सिल्डेनाफिल. नाव निराळे म्हणून औषध निराळे समजून कोणी दोन घेतल्या, तर मात्रा दुप्पट होते. कामाग्रा हे नाव या देशात अनेकांच्या कानावर आले असेल. हेही सिल्डेनाफिलच, मुंबईत मुख्यालय असलेल्या अजंता फार्मा या कंपनीचे ते उत्पादन आहे. परंतु नेदरलंड्समध्ये त्याला परवाना नाही, आणि त्या नावाने चोरून विकल्या जाणाऱ्या मालात नकली मालही पुष्कळ असतो. नाव आपल्या मुलखाचे आहे, एवढ्यावरून पाकिटातील गोळी खरी ठरत नाही. ‘वनस्पतींपासून बनविलेले, अपाय नसलेले’ अशा जाहिरातीच्या शक्तिवर्धक कॅप्सूलही तशाच. या देशातील आणि इतर देशांतील प्रयोगशाळांना अशा मालात न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल किंवा त्याचे भाऊबंद आढळले आहेत. हृदयरोग्याला वाटते की आपण जडीबुटी घेतली, आणि प्रत्यक्षात त्याने तेच घेतलेले असते जे त्याने घेऊ नये.

आणखी एक खुलासा, विशेषतः भगिनींसाठी. सिल्डेनाफिल हे फुप्फुसाच्या रोहिण्यांतील वाढलेल्या दाबावरही देतात; २००५ पासून ते त्यासाठी रेव्हाशियो या नावाने मान्य आहे, आणि ते स्त्रियांनाही दिले जाते. सासूबाईंच्या कागदावर हे नाव दिसले तर दचकू नका, हसू नका आणि गोळी बंदही करू नका. पण नायट्रेटचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे, हे विसरू नका.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. गोळी रक्तदाबावर परिणाम करते, तसा रक्तदाब ताठरतेवर परिणाम करतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांनी रोहिण्यांचे अस्तर बिघडते. शिश्नाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या तीन-चार. म्हणून बिघाड आधी लहान नळीत जाणवतो. कित्येक पुरुषांत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. ज्याला आपण ‘नपुंसक’ असा दुष्ट शब्द लावतो, त्याला खरे म्हणजे त्याच्या शरीराने वेळेवर सावधगिरीची सूचना दिलेली असते. ती सूचना डॉक्टरकडे न नेता परस्पर गोळी घेणे म्हणजे घरात धूर दिसताच खिडकी उघडून झोपी जाणे होय.

याउलट, रक्तदाबाच्या काही औषधांनीही, विशेषतः काही लघवी वाढविणाऱ्या गोळ्या आणि जुन्या बीटा ब्लॉकर औषधांनी, ही तक्रार उद्भवू शकते. पुरुषाच्या ते लक्षात येते. तो कोणाला सांगत नाही, आणि गुपचूप प्रेशरची गोळी बंद करतो. त्याची परिणती पक्षाघातात होऊ शकते. तसे करण्याचे काहीच कारण नाही. रक्तदाबावर अनेक प्रकारची औषधे आहेत, आणि बहुधा यापैकी एखादे बदलून देता येते. फक्त डॉक्टरला कारण कळले पाहिजे. हाउसआर्ट्सकडे दहा मिनिटांचाच वेळ असतो, म्हणून जाता जाता दारातून विचारू नका. आत शिरताच पहिले वाक्य हेच असू द्या. डच शब्द आठवत नसतील तर कागदावर लिहून न्या. त्यांनी असे प्रश्न शेकडो वेळा ऐकलेले असतात. आणि दोन मजले जिने भरभर चढून छातीत कळ येत नसेल, तर समागमाचा श्रम हृदयाला बहुधा झेपतो, हेही त्यांच्याकडून स्वतःसाठी ताडून घ्या.

शेवटी, घरी गेल्यावर करावयाच्या चार गोष्टी सांगतो.

एक, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या औषधांची एकच यादी करा, तीत भारतातून आणि इस्राएलमधून आलेली औषधेही लिहा, आणि ती औषधालयात दाखवा. नाव व्यापारी असेल तर पट्टीवरचे मूळ औषधाचे नावही लिहा.

दोन, पाहुणे म्हणून आलेल्या वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते. आपल्या छातीत दुखले म्हणून ती उचलून घेऊ नका, आणि आपल्याजवळची दुसरी गोळी त्यांना देऊ नका. औषध उसने देण्याची वस्तू नव्हे.

तीन, ही गोळी घेतल्यानंतर छातीत कळ आली तर जे चालू आहे ते थांबवा, बसा किंवा आडवे व्हा, जिभेखाली काहीही ठेवू नका, ११२ ला फोन करा आणि गोळीचे नाव व वेळ स्पष्ट सांगा. एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, किंवा ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तरीही विलंब करू नका. शब्बाथ असला तरी फोन करा. प्राण वाचविण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवणे ही केवळ सवलत नाही, ते कर्तव्य आहे.

चार, पतीने पत्नीला सांगावे, आणि पत्नीने ऐकून घ्यावे. भगिनींनो, हे चौथे काम निम्मे तुमचे आहे. कळल्यावर चेष्टा झाली किंवा संशय घेतला गेला, तर तो पुन्हा कधी बोलणार नाही. ‘कोणती गोळी, आणि कधी घेतली?’ एवढाच प्रश्न शांतपणे विचारा.

केथुबात लिहिलेले हक्क आणि कर्तव्ये दोघे मिळूनच पार पाडायची असतात. त्यांत एकमेकांच्या जिवाची राखण आलीच.  यापुढे ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी निःसंकोच विचारावे; एकांतात विचारायचे असेल तर मी थांबणार आहे. सर्वांना आरोग्य आणि घरोघर शांती लाभो. शालोम.